एका संगणकात दोन पिढ्या: जुनी विंडोज, नवी डिस्क आणि अडकलेला मराठी मजकूर

विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मोठ्या शहरांतील कार्यालयांनी त्याची तयारी आधीच केली असेल. परंतु धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा यांसारख्या गावांतील डीटीपी केंद्रे आणि छोटे छापखाने यांच्यापुढे या तारखेने एक निराळाच पेच उभा केला आहे. अशा अनेक ठिकाणी एकाच संगणकात दोन प्रणाली नांदत असतात. एक रोजच्या इंटरनेटसाठी आणि ऑनलाइन अर्जांसाठी. दुसरी जुनी, बहुतेक वेळा विंडोज एक्सपी, केवळ पेजमेकर आणि जुन्या मराठी फॉन्टसाठी. संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर दोन नावे येतात आणि चालक बाणाच्या कळीने हवे ते निवडतो. यालाच 'ड्युअल बूट' म्हणतात.

नवी प्रणाली घालण्याची वेळ आली की दुरुस्ती करणारा सांगतो, 'डिस्क जीपीटी करावी लागेल, सगळे फॉर्मॅट होईल.' मालक मान डोलावतो. 'सगळे' म्हणजे नेमके काय, हे त्या क्षणी दोघांच्याही लक्षात येत नाही. वीस-बावीस वर्षांच्या लग्नपत्रिका, महाविद्यालयांची वार्षिके, साप्ताहिकांचे अंक, सहकारी संस्थांचे अहवाल आणि गावोगावच्या यात्रांच्या स्मरणिका त्या एका होकारात जातात. छापील प्रती कुठेतरी असतातही. पण वाळवीने खाल्लेल्या प्रतीवरून पुन्हा टंकन करणे आणि मूळ फाइल उघडणे यांत किती अंतर आहे, हे त्या धंद्यातील माणसाला सांगावे लागत नाही. म्हणूनच हे 'जीपीटी' प्रकरण काय आहे, ते जुन्या प्रणालीला का मानवत नाही आणि डिस्क न पुसता मार्ग कसा काढता येतो, हे जरा विस्ताराने पाहणे आवश्यक आहे.

जुनी प्रणाली हवीच कशाला?

२००१ साली आलेली आणि ८ एप्रिल २०१४ पासून नियमित सुरक्षा अद्यतनांना मुकलेली एक्सपी आजही कोणाला का हवी असावी, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर यंत्रात नसून मराठी अक्षरांत आहे.

१९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे संगणकावरील मराठी ही फॉन्टच्या कसरतीवर उभी होती. पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम आणि लीप ऑफिस, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, बेंगळुरूहून आलेले आकृती. प्रत्येकाची अक्षरांची मांडणी स्वतंत्र. इंग्रजी अक्षरासाठी राखलेल्या एका क्रमांकावर 'क' चा आकार बसवायचा, दुसऱ्यावर अर्धा 'त', तिसऱ्यावर नुसता काना, अशी ही व्यवस्था होती. फाइलमध्ये प्रत्यक्षात साठवले जात ते त्या चिन्हांचे क्रमांकच; पडद्यावर मराठी दिसे ती फॉन्टच्या कृपेने. फॉन्ट बाजूला केला की तोच मजकूर इंग्रजी अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा निरर्थक ढीग भासतो. मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे पाहण्यासाठीही त्या काळी आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, हे जुन्या वाचकांना आठवत असेल.

युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच स्थान होते आणि विंडोज २००० पासून मंगल हा युनिकोड फॉन्ट संगणकाबरोबर येऊ लागला. परंतु छपाईच्या धंद्याचा कणा होता पेजमेकर. त्याची सातवी आणि शेवटची आवृत्ती २००१ साली आली, आणि तिलाही युनिकोडमधील मराठी कधी उमगली नाही. त्यामुळे कार्यालये हळूहळू युनिकोडकडे वळली, तरी छापखाने कितीतरी वर्षे जुन्या फॉन्टवरच काम करीत राहिले. त्यात भर म्हणजे यांतील अनेक सॉफ्टवेअर 'लॉक'वर चालत. धंद्यात त्याला डोंगल म्हणतात. प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टला एक छोटी डबी लावायची. ती नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही किंवा छपाई देत नाही. आजच्या संगणकांना हे पोर्टच नसते. बाजारात यूएसबीवरून प्रिंटर पोर्ट देणारी वायर मिळते खरी. पण ती प्रिंटरपुरतीच उपयोगाची असते, डोंगलला तिच्यावर सहसा ओळख पटत नाही. जुना संगणक, जुनी प्रणाली, जुना फॉन्ट आणि जुना लॉक अशी ही साखळी आहे. तिची एक कडी तुटली तरी मजकूर बंद.

धाराशिव जिल्ह्यात तर या जुन्या फाइली पुन्हा उघडण्याचे एक खास कारणही घडले. शहराच्या नामांतराला फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची संमती मिळाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिल्ह्याचेही नाव बदलले. पावतीपुस्तके, पत्रशीर्षे, संस्थांच्या नियमावल्या, प्रमाणपत्रांचे साचे, या सर्वांत 'उस्मानाबाद'च्या जागी 'धाराशिव' घालायचे. युनिकोड फाइलीत हे काम क्षणाचे आहे. जुन्या फॉन्टमधील फाइलीत मात्र आधी ती उघडता आली पाहिजे.

डिस्कचा सातबारा

आता डिस्कविषयी. हार्ड डिस्क ही जमीन मानली, तर पार्टिशन हे तिचे गट होत. 'सी ड्राइव्ह', 'डी ड्राइव्ह' ही त्या गटांचीच नावे. कोणता गट कोठून सुरू होतो, कोठे संपतो आणि तो कोणत्या प्रकारचा आहे, याची नोंद डिस्कवरच एका ठिकाणी असते. हा तिचा सातबारा. तो लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत, एक जुनी आणि एक नवी. आणि सगळा घोळ या दोन पद्धतींमुळे होतो.

जुनी पद्धत म्हणजे एमबीआर. १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटी या हार्ड डिस्क असलेल्या संगणकाबरोबर आणि डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर ती आली. डिस्कचा अगदी पहिला तुकडा, ज्याला सेक्टर म्हणतात, तो ५१२ बाइटचा. त्यातील ४४६ बाइटमध्ये संगणक सुरू करणारा एक इवलासा प्रोग्राम, पुढच्या ६४ बाइटमध्ये गटांची नोंद आणि शेवटच्या दोन बाइटमध्ये खुणेची मोहोर. प्रत्येक नोंदीला १६ बाइट लागतात. म्हणजे नोंदी चारच. पाचवा गट हवा असेल तर चारांपैकी एकाचे पोटहिस्से पाडावे लागतात; त्यांनाच 'लॉजिकल' पार्टिशन म्हणतात. दुसरी मर्यादा लांबीची. सेक्टर मोजण्यासाठी ३२ बिटचा आकडा ठेवलेला असल्याने सुमारे ४२९ कोटी सेक्टरांपलीकडे मोजणी जात नाही. त्याला ५१२ ने गुणले की साधारण २.२ लाख कोटी बाइट होतात. बोलीभाषेत 'दोन टीबी'ची मर्यादा म्हणतात ती हीच. १९८३ मध्ये दहा मेगाबाइटच्या डिस्कचे अप्रूप होते, तेव्हा ही मर्यादा कोणाला खुपण्याचे कारण नव्हते.

नवी पद्धत जीपीटी. इंटेलने नव्या धाटणीच्या संगणकांसाठी आखलेल्या ईएफआय या व्यवस्थेचा ती भाग होती. पुढे २००५ पासून यूईएफआय फोरम या संस्थेकडे तिची सूत्रे गेली. यात नेहमीच्या रचनेत १२८ गटांची नोंद मावते, पोटहिस्स्यांची भानगड नाही आणि मोजणीचा आकडा ६४ बिटचा असल्याने लांबीची चिंता नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोंदवहीची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. तलाठ्याकडची वही भिजली तरी तहसिलातील प्रतीवरून नोंद उभी करावी, तशी. शिवाय दोन्ही प्रतींवर पडताळणीचा आकडा असतो, त्यामुळे वहीत कोणी खाडाखोड केली तर ती लक्षात येते. जुन्या पद्धतीत यापैकी काहीच नव्हते. पहिला सेक्टर बिघडला की गटांचा पत्ताच हरवे.

जीपीटीच्या रचनाकारांनी एक शहाणपणा मात्र केला. डिस्कचा पहिला सेक्टर त्यांनी जुन्या पद्धतीच्या एका दिखाऊ नोंदीसाठी राखून ठेवला. 'ही सगळी जमीन एकाच अनोळखी प्रकारच्या गटाची आहे' एवढेच त्यात लिहिलेले असते. नवी वही वाचता न येणाऱ्या जुन्या प्रणालीने जमीन पडीक समजून तिच्यावर नांगर घालू नये, म्हणून लावलेली ही पाटी. नेहमीच्या ३२ बिट एक्सपीला जीपीटी डिस्क लावली तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिला फक्त ही पाटी दिसते. आतले गट दिसत नाहीत, फाइली उघडत नाहीत. ज्याला हे ठाऊक नाही त्याला डिस्क बिघडल्यासारखी वाटते. ती बिघडलेली नसते. तिच्यावर जुन्या अवजारांनी उपचार करण्याचा मोह तेवढा आवरला पाहिजे. विंडोज ९८ च्या काळातील फडिस्कसारखे साधन त्या एका अनोळखी नोंदीकडे पाहून ती काढून टाकण्याची सोय चालकाच्या हाती देते आणि पाटीबरोबर रक्षणही जाते.

सुरू कोण करणार?

नुसती वही वाचता येणे वेगळे आणि त्या डिस्कवरून संगणक सुरू होणे वेगळे. जुन्या संगणकात बायोस असे. वीज आली की बायोस डिस्कचा पहिला सेक्टर उचले, शेवटची मोहोर तपासे आणि त्यातील ४४६ बाइटच्या प्रोग्रामकडे कारभार सोपवून मोकळा होई. फाइल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, हे त्याच्या गावीही नसे. नव्या संगणकातील यूईएफआय अधिक शिकलेला आहे. तो डिस्कवरील एका खास छोट्या पार्टिशनमध्ये जातो, तेथील फाइली स्वतः वाचतो आणि ज्या प्रणालीची सुरुवातीची फाइल सापडेल ती चालवतो. ३२ बिट एक्सपीजवळ अशी फाइलच नाही. तिला जुनाच मार्ग ठाऊक आहे.

मायक्रोसॉफ्टने येथे एक कडक नियम केला. विंडोज बायोसच्या मार्गाने सुरू करायची असेल तर डिस्क एमबीआर हवी. यूईएफआयच्या मार्गाने सुरू करायची असेल तर जीपीटी हवी. मधला मार्ग नाही. नवी विंडोज घालताना पडद्यावर 'निवडलेल्या डिस्कवर एमबीआर टेबल आहे, येथे विंडोज बसवता येत नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो, तो या नियमामुळे. हा संदेश फसवा आहे, असे माझे मत आहे. डिस्कमध्ये दोष आहे, असा त्याचा सूर वाटतो. वास्तविक संगणक कोणत्या मार्गाने सुरू केला एवढाच प्रश्न असतो. बहुतेक वेळा सीडी किंवा पेनड्राइव्ह बायोसच्या मार्गाने पुन्हा सुरू केले की तो संदेश येतही नाही. परंतु घाईतला माणूस 'डिलीट' दाबत जातो आणि सगळी पार्टिशन पुसून मोकळा होतो.

लिनक्स या बाबतीत मोकळ्या स्वभावाचे आहे. त्याचा ग्रब हा सुरुवात करणारा प्रोग्राम जीपीटी डिस्कवरूनही बायोसच्या मार्गाने सुरू होऊ शकतो; त्यासाठी एखाद्या मेगाबाइटचे एक रिकामे पार्टिशन फक्त राखून ठेवावे लागते. हे लक्षात ठेवावे, पुढे उपयोगी पडणार आहे.

मधल्या काळातील, ढोबळमानाने २०१२ ते २०१९ पर्यंतच्या, बऱ्याच संगणकांत यूईएफआय असूनही 'सीएसएम' नावाची सोय होती. ती चालू केली की नवा कारभारी जुन्या बायोसचे सोंग घेतो आणि एमबीआर डिस्कवरून एक्सपी उठते. इंटेलने ही सोय २०२० पर्यंत काढून घेण्याचे २०१७ मध्येच जाहीर केले आणि त्यानंतरच्या अनेक यंत्रांत ती उरलेली नाही. ज्या दुकानात आज जुना आणि नवा असे दोन संगणक आहेत, तेथे कोणता यंत्रातून कोणता काढायचा हे ठरवण्यापूर्वी सेटअपच्या पडद्यावर 'सीएसएम' किंवा 'लेगसी' हे शब्द आहेत का, हे एकदा पाहून घ्यावे.

कोणी कोणता मार्ग धरावा

एकाच एमबीआर डिस्कवर एक्सपी आणि विंडोज ७ किंवा १० नांदवणे ही जुनी, पायाखालची वाट. तिचा एकच दंडक होता: आधी जुनी प्रणाली, मग नवी. नव्या प्रणालीला जुनी ओळखता येते आणि ती सुरुवातीच्या यादीत तिचे नाव घालते. उलट क्रमाने गेल्यास एक्सपी नव्या प्रणालीचा उंबरठाच बदलून टाकते आणि नवी सुरूच होत नाही. डिस्क दोन टीबीच्या आत असेल तर ही व्यवस्था आजही चालते. ज्यांची अशी व्यवस्था सुरळीत आहे त्यांनी केवळ जीपीटी नवी आहे म्हणून ती मोडू नये. विंडोज १० च्या २०१७ मधील आवृत्तीपासून एमबीआर डिस्क न पुसता जीपीटी करणारे एक साधन विंडोजबरोबरच येते. ते चांगले आहे. पण त्यात एक्सपी शेजारी असल्याची दखल नाही. रूपांतर झाले की फाइली जागेवर राहतात आणि एक्सपी मात्र पुन्हा उठत नाही. डोंगलवर चालणाऱ्या फॉन्टच्या दृष्टीने ते पुसल्यासारखेच झाले.

विंडोज ११ चा हट्ट मात्र यूईएफआयचा आहे, म्हणजे ओघाने जीपीटीचा. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जी यंत्रे विंडोज ११ साठी अधिकृतपणे पात्र आहेत, म्हणजे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढची, त्यांवर एक्सपी प्रत्यक्ष बसवण्याच्या नादी लागू नये. एक्सपीला त्यांचे यूएसबी कळत नाही, पडद्याचे ड्रायव्हर मिळत नाहीत, बसवतानाच कीबोर्ड निपचित पडतो. कोणी तरी कुठे तरी ते करून दाखवलेले असते. पण रोजच्या धंद्याचे यंत्र हा प्रयोगशाळेचा बेडूक नव्हे. विंडोज ९८ विषयी तर बोलायलाच नको; एक गीगाबाइटहून अधिक रॅम दिसली की ती गडबडते.

नव्या यंत्रावर एक्सपी हवीच असेल तर ती आभासी संगणकात ठेवावी. व्हर्च्युअलबॉक्ससारखे मोफत सॉफ्टवेअर विंडोज ११ च्या आत एक खोटा संगणक उभा करते. त्याची डिस्क म्हणजे प्रत्यक्षात एक मोठी फाइल. तिच्यात एमबीआर सुखाने राहते आणि बाहेरची डिस्क जीपीटी असल्याचा तिला पत्ताही लागत नाही. यूएसबीचा डोंगल आत पोचवता येतो. ज्यांचे सॉफ्टवेअर लॉकवाचून किंवा यूएसबी लॉकवर चालते, त्यांनी ड्युअल बूटच्या वाटेला न जाता सरळ हाच मार्ग धरावा. प्रिंटर पोर्टचा डोंगल मात्र आभासी संगणकात क्वचितच चालतो.

उरले प्रिंटर पोर्टच्या डोंगलवाले. त्यांना खरे यंत्र हवे, खरी एक्सपी हवी आणि इंटरनेटसाठी एखादी जिवंत प्रणालीही हवी. त्यांच्यासाठी माझ्या मते सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे २०१२-१३ च्या सुमाराचे किंवा त्याआधीचे यंत्र आणि त्यात दोन स्वतंत्र डिस्क. एकीवर एमबीआर आणि एक्सपी, दुसरीवर जीपीटी आणि लिनक्स. एकाच डिस्कवर दोन्ही वह्या ठेवण्याचाही एक प्रकार आहे; अॅपलने २००६ साली इंटेल मॅकवर एक्सपी चालवण्यासाठी त्याचाच आधार घेतला होता. पण एका जमिनीचे दोन सातबारे म्हणजे आज ना उद्या तंटा. एका वहीत केलेली दुरुस्ती दुसरीत होत नाही आणि मग कोणती खरी हे यंत्रालाही कळत नाही. चांगल्या दुसऱ्या डिस्कचा खर्च या तंट्यापेक्षा कमी असतो.

दोन डिस्कची मांडणी करताना पहिले काम प्रतीचे. एक्सपीच्या डिस्कची संपूर्ण प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. क्लोनझिला हे मोफत साधन त्यासाठी पुरेसे आहे. फक्त 'माय डॉक्युमेंट्स' उतरवून भागत नाही, कारण फॉन्ट, त्यांचे कीबोर्ड आणि सॉफ्टवेअरच्या नोंदी विंडोजच्या पोटात असतात. प्रतिमा झाल्यावर एक्सपीच्या डिस्कची वायर काढून ठेवावी आणि मगच नवी डिस्क लावून तिच्यावर नवी प्रणाली बसवावी. हा नियम काहींना अतिसावधपणाचा वाटेल. परंतु प्रणाली बसवणारा प्रोग्राम आपली सुरुवातीची फाइल कधी कधी शेजारच्या डिस्कवर ठेवून येतो आणि पुढे ती डिस्क काढली की दोन्ही प्रणाली आडव्या होतात. समोर डिस्कच नसेल तर तो काही करू शकत नाही. नंतर दोन्ही वायरी जोडाव्यात आणि संगणक सुरू होताना यंत्राच्या स्वतःच्या बूट मेनूतून डिस्क निवडावी. त्याची कळ कंपनीनुसार एफ १२, एफ ११, एफ ८ किंवा एस्केप अशी असते. दोन्ही डिस्क अशा रीतीने एकमेकींच्या सुरुवातीपासून अलिप्त राहतात. एक मेली तरी दुसरी उठते.

एक अडचण येथे हमखास येते. सेटअपमध्ये सॅटा डिस्कसाठी आयडीई आणि एएचसीआय असे दोन पर्याय असतात. एक्सपीजवळ एएचसीआयचा ड्रायव्हर मुळात नसल्याने त्या पर्यायावर ती निळा पडदा दाखवून थांबते. पर्याय आयडीई ठेवावा. लिनक्सला दोन्ही सारखेच. विंडोज १० मात्र ज्या पर्यायावर बसवली त्यावरच राहू इच्छिते, म्हणून ती बसवण्याआधीच हा निर्णय करून टाकावा.

एक्सपी नव्याने एसएसडीवर बसवायची असेल तर पार्टिशन तिला करू देऊ नये. ती जुन्या हिशेबाने पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते आणि आजच्या डिस्कच्या ४,०९६ बाइटच्या तुकड्यांशी ते जुळत नाही. परिणामी प्रत्येक लिखाणाला डिस्कला दुप्पट धाव पडते. विंडोज ७ किंवा लिनक्सच्या सीडीवरून पार्टिशन आधी करून घेतले की ते २,०४८ व्या सेक्टरपासून सुरू होते आणि एक्सपी त्यात निमूटपणे राहते.

घड्याळाचाही एक गमतीदार घोळ होतो. लिनक्स यंत्रातील घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर आहे असे समजते आणि विंडोज ते स्थानिक वेळेवर आहे असे. त्यामुळे प्रणाली बदलली की घड्याळ बरोबर साडेपाच तास सरकलेले दिसते. पावत्यांवर तारीख चुकीची छापली जाईपर्यंत ते लक्षात येत नाही. लिनक्सला घड्याळ स्थानिक वेळेवर चालते असे एकदा सांगितले की हे थांबते.

एक्सपी सुरू असताना इंटरनेटची वायर काढलेली असावी. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्रायचा हाहाकार उडाला तेव्हा मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली होती; नेहमी तसे घडेल या भरवशावर राहता येत नाही.

मजकूर बाहेर काढताना

या मांडणीचा एक फायदा असा की देवाणघेवाण आपोआप एकाच दिशेने होते. एक्सपीला जीपीटी डिस्क दिसत नाही, त्यामुळे तिच्यातील विषाणू किंवा चालकाची चूक नव्या बाजूला पोचत नाही. लिनक्सला मात्र एक्सपीच्या डिस्कवरील फाइली वाचता येतात. जुन्या बाजूने फाइल तयार करायची, संगणक पुन्हा सुरू करायचा आणि नव्या बाजूने ती उचलायची.

तयार काय करायचे, हे कामावर अवलंबून आहे. जो अंक किंवा स्मरणिका पुन्हा बदलायची नाही, तिची पीडीएफ करावी. फॉन्ट पीडीएफच्या आत बसवण्याचा पर्याय निवडलेला असावा, नाहीतर दुसऱ्या संगणकावर पुन्हा तोच चिन्हांचा ढीग दिसेल. ज्या मजकुरात पुढे फेरफार व्हायचे आहेत, तो पेजमेकरमधून साधा मजकूर म्हणून बाहेर काढावा आणि परिवर्तकातून युनिकोड करून घ्यावा. निरनिराळ्या जुन्या फॉन्टसाठी असे परिवर्तक उपलब्ध आहेत. त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास मात्र ठेवता येत नाही, आणि त्याचे कारण देवनागरीच्या स्वभावात आहे. 'किती' हा शब्द जुन्या फॉन्टमध्ये जसा दिसतो तसा साठवलेला असतो: आधी वेलांटी, मग 'क'. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो: आधी 'क', मग वेलांटी. रफाराचे याच्या उलट. 'धर्म' मधला रफार जुन्या फाइलीत 'म' नंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. जोडाक्षरांचे अर्धे तुकडे, तीन-तीन प्रकारचे उकार, 'श्र' आणि 'क्ष' यांचे स्वतंत्र साचे, या सर्वांची अदलाबदल परिवर्तकाला करावी लागते. तो बहुतेक ठिकाणी ती बरोबर करतो. जेथे चुकतो तेथे आडनावे आणि गावांची नावे बिघडतात, कारण तीच शब्दकोशात नसतात. म्हणून मुद्रितशोधन मूळ फाइलीशी ताडूनच करावे लागते. त्यासाठी एक्सपीतून काढलेली पीडीएफ लिनक्समध्ये एका बाजूला आणि युनिकोड मजकूर दुसऱ्या बाजूला ठेवावा. दर पानाला संगणक पुन्हा सुरू करण्याची पाळी येत नाही.

कामाचा क्रम लावताना सर्वांत जुन्या फाइलींपासून सुरुवात करण्याचा मोह होतो. त्याऐवजी ज्यांची छापील प्रत कोठेही उरलेली नाही अशा फाइली आधी घ्याव्यात. बंद पडलेली साप्ताहिके, विसर्जित झालेल्या संस्थांचे अहवाल, हयात नसलेल्या लेखकांच्या खासगी छापलेल्या पुस्तिका. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेत ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. अशा निमित्तांनी गावात जे बरेचसे साहित्य छापले जाते, ते ग्रंथालयांपर्यंत पोचतेच असे नाही. त्याची मूळ फाइल डीटीपी करणाऱ्याच्या डिस्कवरच असते.

काम संपले तरी एक्सपीची डिस्क लगेच मोडीत काढू नये. ती बाहेर काढून कोरड्या जागी ठेवावी आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून लिहावे: एमबीआर, विंडोज एक्सपी, सेटअपमध्ये आयडीई, कोणता फॉन्ट, कोणत्या आवृत्तीचा, आणि त्याचा डोंगल कोणत्या खणात आहे.